पटावर बसायला सवड कुणाला?

या अंकात बुद्धिबळावरचा लेख पाहून तुमच्यापैकी काही जणी कपाळाला हात लावतील. पाणी, रेशन, मारहाण, पोटगी, ऊसतोड एवढे प्रश्न दारात उभे असताना या बाईला खेळ सुचतो तरी कसा? काही वर्षांपूर्वी कुणी असा लेख लिहिला असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण एका मुलीमुळे मला यावर विचार करावा लागला. आधी तिची गोष्ट सांगते.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागात संध्याकाळी मुलामुलींचा अभ्यासवर्ग चालतो. तिथे कुणीतरी एक बुद्धिबळाचा पट आणून दिला होता. प्लास्टिकच्या सोंगट्या आणि गुंडाळून ठेवायचा पट. सातवीतल्या एका मुलीने बघता बघता खेळ उचलला. महिनाभरात ती मोठ्या मुलांना मात द्यायला लागली. खेळताना ती कुणाशी बोलायची नाही, हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बसायची. एरवी सतत कडेवर भाऊ घेऊन फिरणारी ही पोर तेवढा वेळ मोकळ्या हातांनी बसलेली दिसायची. पावसाळ्यात तालुक्याची शालेय स्पर्धा झाली. त्यात मुलींच्या गटात ती पहिली आली. पुढची पायरी जिल्ह्याची होती.

जिल्ह्याच्या स्पर्धेची तारीख कळली तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि मुकादमाची गाडी गावात येऊन उभी होती. उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. मी आईला भेटायला गेले. पोरीला ठेवून जा, आम्ही बघतो तिच्याकडे, असं म्हटलं. आई म्हणाली, "ताई, तुमचं खरंय. पन मी फडात मोळ्या बांधताना ल्हान्याला कोन सांभाळायचं? कोपीत एकल्याला टाकून जाऊ का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा थोरला भाऊ शाळेसाठी आजीजवळ राहिला. ती गाडीत बसून गेली. जिल्ह्याला दुसऱ्या नंबरची मुलगी खेळून आली.

आई वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आईबापांना नावं ठेवून मोकळं होणं सोपं असतं. मला मात्र पुढचा प्रश्न पडला. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत, अंगात ताकद असावी लागत नाही. सगळ्यांत स्वस्त खेळ तो हाच. मग यात तरी बायका बरोबरीने का दिसत नाहीत? तेव्हापासून मी राष्ट्रीय स्पर्धा जिंकलेल्यांची नावं शोधायला लागले. पुढे लिहिलं आहे ते त्यातूनच आलं.

आपल्या देशात राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरू इथे सुरू झाली. पहिलं अजिंक्यपद डी. वेंकय्या आणि आपले रामचंद्र सप्रे यांच्यात विभागून गेलं. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू व्हायला १९७४ साल उजाडलं. मध्ये एकोणीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एक अख्खी पिढी जन्मून मोठी होते, त्या पिढीतल्या मुलींना पट होता पण स्पर्धा नव्हती. ही पहिली स्पर्धा बंगलोरला झाली आणि मुंबईच्या वासंती खाडिलकर हिने ती जिंकली. पुढे तिच्याच धाकट्या बहिणी, जयश्री आणि रोहिणी, जिंकत गेल्या. जयश्रीने चार वेळा, रोहिणीने पाच वेळा. स्पर्धेची पहिली दहा वर्षं अजिंक्यपद या एकाच घरात राहिलं. जयश्री ही १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. रोहिणीने १९८१ आणि १९८३ साली आशियाई अजिंक्यपद जिंकलं.

हे वाचून आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण मैत्रिणींनो, एका देशाचं अजिंक्यपद दहा वर्षं एकाच घरात राहतं याचा दुसराही अर्थ निघतो. त्या मुली हुशार होत्या, त्यांनी कष्ट घेतले, यात शंका नाही. मात्र त्यांच्या घरात मुलींपुढे पट मांडला गेला आणि देशातल्या लाखो घरांत तो मांडलाच गेला नाही. वडील नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. घरात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वादविवाद. मुलीने तासन् तास डोकं खाली घालून बसावं आणि तिला कुणी "ऊठ, भाकरी टाक" म्हणू नये, अशी सोय त्या घरात होती. जयश्री पुढे त्याच 'नवाकाळ'ची संपादक झाली. मुलीला डोकं चालवायला मोकळीक दिली की ती कुठवर जाते ते एवढ्यावरूनच कळावं.

या घरातल्या सगळ्यांत धाकटीने आणखी एक काम केलं. ते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असायला हवं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळणार, असा आक्षेप आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मुलीच्या बाजूने लागलं. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून स्त्रियांना बाहेर ठेवता येणार नाही असा निर्णय दिला. आपण १९७० च्या दशकातल्या स्त्री-चळवळीचा इतिहास सांगताना मोर्चे सांगतो, मथुरा प्रकरण सांगतो, लाटणं मोर्चा सांगतो. तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीने पुरुषांच्या पटासमोर बसण्याचा हक्क मिळवला, हेही त्याच यादीत बसायला हवं. आज खुल्या गटात एखादी मुलगी नाव नोंदवते तेव्हा तिच्यामागे हा निकाल उभा असतो.

बाहेरच्या देशांत हे सगळं फार आधीच झालं असेल असं आपल्याला वाटतं. फ्रान्सचंच उदाहरण घ्या. आपल्या पटावरचा सगळ्यांत बलवान मोहरा 'वजीर', म्हणजे राजाच्या दरबारातला पुरुष. फ्रेंच लोक त्याच मोहऱ्याला 'बाई' म्हणतात, इंग्रज राणी म्हणतात. तिकडच्या पटावर बाई सगळ्यांत शक्तिमान. पण पटाबाहेर? फ्रान्समध्ये स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९२४ पासून आहे, आपल्यापेक्षा पन्नास वर्षं आधी. मात्र त्या स्पर्धेत खेळणाऱ्या बायकांना मताचा अधिकार मिळाला तो १९४४ साली. वीस वर्षं त्यांच्या हाती पटावरची राणी होती आणि मतपत्रिका नव्हती. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये पुरुषांच्या बरोबरीने पहिल्यांदा बसलेली स्त्री फ्रान्सचीच, शांताल शोदे द सिलान, तीही १९५० साली. तेव्हा प्रतीकांवर फार विसंबू नये. देवीची पूजा करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. राज्यात सगळ्यांत कमी. आपल्याला हे नव्याने सांगायला नको.

आता १९८० च्या दशकात या. यादीत नवी नावं दिसतात. भाग्यश्री साठे आणि अनुपमा अभ्यंकर, दोघीही मराठी, दोघींनीही पाच-पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. अनुपमाने १९८५ आणि १९८७ साली आशियाई अजिंक्यपद जिंकलं, तिला १९८६ साली पद्मश्री मिळाली. भाग्यश्रीला १९८७ साली. पुढे यादीत भाग्यश्री ठिपसे आणि अनुपमा गोखले अशी नावं येतात. नवखीला वाटावं की या आणखी दोन वेगळ्या खेळाडू. नाही, त्या त्याच दोघी. लग्न झालं, आडनाव बदललं. पुरुषांच्या यादीत अशी गल्लत व्हायचा प्रश्न येत नाही. जिंकलेली बाई शोधायची तर आधी तिचं लग्न शोधावं लागतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लग्नानंतरही या दोघी खेळत राहिल्या. भाग्यश्रीचे पती प्रवीण ठिपसे हे स्वतः नामवंत बुद्धिबळपटू, अनुपमाचे पती रघुनंदन गोखले हे बुद्धिबळाचे प्रशिक्षक. म्हणजे ज्या घरात पट आधीच मांडलेला होता तिथे बाईचा खेळ चालू राहिला. मला या जोडप्यांचं कौतुकच आहे. पण ज्या बायकांच्या सासरी पट नव्हता त्यांचं काय झालं? त्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते. विजेत्यांची यादी ही नेहमी अशी अर्धीच असते. उरलेली अर्धी चुलीपाशी असते.

इथे एक वाद नेहमी निघतो. शिबिरातही एका कार्यकर्त्या भावाने मला विचारलं होतं, "ताई, यात तर ताकद लागत नाही. मग बायकांचा वेगळा गट कशाला? तुम्हीच कमीपणा घेता." प्रश्न टाळण्यासारखा नाही. हंगेरीची ज्युडिट पोल्गार वेगळ्या गटाला नाहीच म्हणाली. १९९१ साली, पंधराव्या वर्षी, ती ग्रँडमास्टर झाली आणि हंगेरीची खुली राष्ट्रीय स्पर्धाही तिने जिंकली. वेगळ्या गटाचे तोटेही आहेत. ग्रँडमास्टर व्हायला २५०० गुणांकन लागतं, महिला ग्रँडमास्टर व्हायला २३०० पुरतं. मुलीपुढे पहिल्यापासून बुटकी शिडी ठेवली की ती तेवढीच चढते, असं पोल्गारसारख्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे.

तरीही माझं मत असं की वेगळा गट आज काढून टाकणं म्हणजे दार बंद करणं. जुलै २०२५ मध्ये भारताचे ग्रँडमास्टर ८८ झाले. त्यांत स्त्रिया चार. कोनेरू हंपी, हरिका द्रोणवल्ली, वैशाली आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. बायकांची बुद्धी कमी आहे म्हणून हा आकडा असा नाही. पटापर्यंत पोचणाऱ्या मुलीच मूठभर, त्यातल्या टिकणाऱ्या त्याहून कमी, मग वर पोचणाऱ्या किती असणार? दिव्यासुद्धा आधी स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जिंकली, २०२२ साली, आणि मग पुढे गेली. आपल्याला हे ग्रामपंचायतीवरून कळायला हवं. १९९३ साली घटनादुरुस्तीने बायकांना एकतृतीयांश जागा मिळाल्या तेव्हाही हेच म्हणत होते की राखीव जागेवरची बाई म्हणजे शिक्क्याची बाई. काही ठिकाणी सरपंचपतीच कारभार करत होते, आजही करतात. पण त्याच जागांवरून कितीतरी जणी बोलायला शिकल्या आणि पुढे खुल्या जागेवरून निवडून आल्या. राखीव जागा पाहिजे, आणि तिथून खुल्या जागेत जायची वाटही मोकळी पाहिजे. वासंतीने १९७४ ला पहिली गोष्ट घेतली, रोहिणीने १९७६ ला दुसरी. दोन्ही हव्यात.

दिव्या देशमुखचं नाव निघालंच आहे तर तेही पाहू. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियात बाटुमी इथे ती स्त्रियांचा विश्वचषक जिंकली. अंतिम फेरीत समोर हंपी होती, म्हणजे दोन्ही बाजूंना भारतीय बायका. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नागपुरात आनंद झाला, सगळ्या महाराष्ट्रात झाला. या विजेतेपदाचं बक्षीस ५० हजार डॉलर. २०२३ च्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला १ लाख १० हजार डॉलर मिळाले होते. आपल्याकडे शेतमजुरीत बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा असतो, तसंच ते. आणि त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये, नेदरलँड्समधल्या एका मोठ्या स्पर्धेनंतर, हीच मुलगी जाहीरपणे बोलली होती की लोक माझे कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलतात, खेळावर बोलत नाहीत. अठरा वर्षांची होती ती तेव्हा. जगातल्या नामांकित खेळाडूंच्या रांगेत बसलेल्या मुलीलाही बाजारातून जाणाऱ्या मुलीसारखंच न्याहाळलं जातं. फरक इतकाच की ती बोलली आणि तिचं ऐकावं लागलं.

पण दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. खाडिलकर संपादक. मग गरिबाच्या पोरीत ही बुद्धी नसते का? याचं उत्तर एका जवळजवळ विसरलेल्या बाईने देऊन ठेवलं आहे. तिचं नाव फातिमा. पंजाबातले जमीनदार सर उमर हयात खान यांच्या घरात ती नोकर होती. मालकाबरोबर नोकरमंडळी इंग्लंडला गेली होती. त्याच घरातला सुलतान खान तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला. आणि १९३३ साली हेस्टिंग्ज इथे फातिमाने ब्रिटनच्या स्त्रियांचं अजिंक्यपद जिंकलं. हिंदुस्थानातली मोलकरीण, इंग्रज बायकांना हरवून पहिली आली. नंतर मालक मायदेशी परतला, तीही परतली, आणि पुढे स्पर्धांच्या नोंदींत ती दिसत नाही. सुलतान खानला जागतिक संघटनेने २०२४ साली मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. फातिमाचं नाव आज किती जणांना माहीत आहे? ती परत आली तेव्हा तिच्यापुढे पट कुणी ठेवला असेल का? सवड मालकाने दिली तोवर तिचा खेळ होता.

सवड हाच माझ्या सगळ्या लेखाचा मुद्दा आहे. आपण बाईच्या कष्टाबद्दल बोललो, मजुरीबद्दल बोललो, तिच्या शरीराबद्दल बोललो. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात हा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत नेला. पण बाईच्या मोकळ्या वेळाबद्दल आपण हक्क म्हणून क्वचितच बोलतो. पारावर पुरुष पत्ते खेळतात, त्यांना कुणी विचारत नाही. बाई दुपारी भिंतीला टेकून बसली तर तिलाच चोरट्यासारखं वाटतं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. बाईची मजुरी जशी त्या कोयत्यात विरघळून जाते, तसा तिचा वेळ घरात विरघळतो, आणि आईचा उरलेला भार थोरल्या लेकीच्या कडेवर येतो. बुद्धिबळाला सलग दोन तास लागतात. ज्या मुलीला दहा मिनिटंही सलग मिळत नाहीत तिला आपण स्वस्त खेळ म्हणून पट दिला, आणि वर विचारलं की मुली पुढे का येत नाहीत!

म्हणून काही गोष्टी सुचवते. आपापल्या मंडळात त्यांवर बोला. पहिली, २०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. त्यात मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहात किती मुली राहतात, किती जागा रिकाम्या आहेत, हे आपण स्वतः जाऊन पाहायचं. दुसरी, फडावर लहान लेकरांसाठी पाळणाघर ही मागणी आपण मजुरीच्या मागणीइतकीच लावून धरायची. पाळणाघर नसेल तर वसतिगृहातली जागा मुलीपर्यंत पोचत नाही, तिला गाडीत बसावंच लागतं. तिसरी, शालेय स्पर्धांच्या तारखा ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं की जिल्ह्याची स्पर्धा टोळ्या निघायच्या आत घ्या, आणि मुलीबरोबर जाणाऱ्या बाईच्या प्रवासाची सोय करा. चौथी सगळ्यांत सोपी. आपल्या प्रत्येक केंद्रात एक पट ठेवायचा, आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त मुलींची आणि बायकांची. त्या वेळात कुणी चहा करायला उठायचं नाही.

ती मुलगी उन्हाळ्यात परत आली. काळवंडली होती, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. अभ्यासवर्गात आली आणि थेट कपाटाकडे गेली. पट काढला. एक प्यादं हरवलं होतं, तिथे तिने एक चिंचोका ठेवला. भाऊ तिच्या मांडीवरच होता, त्याने एकदा हात मारून सगळा डाव उधळला. तिने चिडचीड केली नाही, सोंगट्या जागच्या जागी लावायला लागली. मी त्या पोराला उचललं आणि बाहेर घेऊन गेले. तासभर फिरवलं त्याला. त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच काम झालं, पण आपल्या सगळ्यांच्या कामाची सुरुवात तिथूनच होते असं मला वाटतं.

येत्या दसऱ्याला गाडी पुन्हा येईल. त्याआधी आपल्याला काही करता येतं का, ते सांगा. तुमच्या गटाचा अनुभव आम्हाला लिहून कळवा.